चि. सुजातास: जावई पॅरा एसएफमध्ये गेले त्या निमित्ताने

चि. सुजाता,
अनेक आशीर्वाद.

प्रकाशरावांचं पॅरा एसएफचं, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसचं, प्रोबेशन (निवडीआधीचा चाचणीचा काळ) पार पडलं हे कळलं. 'आता मी काय काय समजून घेऊ?' असं तू विचारलंस. त्यातलं बरंचसं फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

मरून रंगाची टोपी दिसली की गावात सगळे 'कमांडो आला' म्हणतात. ती टोपी पॅराशूट रेजिमेंटच्या प्रत्येकाच्या डोक्यावर असते. एसएफची खूण उजव्या खिशावर: चांदीच्या रंगाचा बिल्ला, टोक खाली केलेला खंजीर, वर उचललेले पंख आणि पट्टीवर देवनागरीत 'बलिदान'. तो प्रोबेशन पार केल्यावरच मिळतो. जे मधून परत जातात ते आपल्या जुन्या पलटणीत जातात आणि तिथे चांगली नोकरी करतात, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून पॅरात जाणं आपल्याकडे नवं नाही. 21 मराठा ही अख्खी पलटणच 1996 साली 21 पॅरा एसएफ झाली.

एक गंमत सांगून ठेवतो. क्वार्टरच्या कागदावर 'एसएफ अकोमोडेशन' लिहिलेलं दिसेल. त्यातलं एसएफ म्हणजे सेपरेटेड फॅमिली. नवरा फिल्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, असताना कुटुंबाला मिळणारं घर ते, मग नवरा कुठल्याही पलटणीचा असो. स्पेशल फोर्सेसशी त्याचा संबंध नाही.

फोन लागत नाही म्हणजे ऑपरेशनच, असं धरू नकोस. बहुतेक वेळा कोर्स असतो. आग्र्याला छत्रीच्या, म्हणजे पॅराशूटच्या, पाच उड्या, त्यात एक रात्रीची. नाहनला एसएफचं शिक्षण. वैरेंगटेला जंगल, गुलमर्गला बर्फ. एसएफची टीम लहान असते. एकजण वायरलेसवाला, एकजण स्फोटकांचा, एकजण जखमा सांभाळणारा. एकाची बातमी फुटली की सगळ्यांची फुटते. म्हणून 'कुठे आहात' हे विचारायचंच नाही. विचारायचं ते एवढंच: साधारण किती दिवस फोन नसेल आणि गरज पडली तर रिअरमध्ये, म्हणजे पलटणीच्या मागे राहिलेल्या तुकडीत, कुणाला फोन करायचा. तो नंबर मोबाइलमध्ये आहेच, पण कागदावरही लिहून ठेव.

'पंधरा दिवस फोन येणार नाही' हेसुद्धा किराणा दुकानात बोलायचं नाही. एकीनं सांगितलं तर काही कळत नाही, चौघींनी सांगितलं की टीम निघाली हे कळतं. युनिफॉर्ममधला फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला नको, बिल्ल्याचा तर नकोच. 2020 च्या जुलैमध्ये फौजेनं 89 ॲप मोबाइलमधून काढायला लावली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. 'रेकॉर्ड ऑफिसातून बोलतोय, साहेबांची पलटण कुठली?' असा फोन आला तर ठेवून दे. जवानांच्या नोकरीचे कागद रेकॉर्ड ऑफिसच सांभाळतं, त्याला पलटण माहीत असते.

आता कागद. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

फौजेच्या लेखी तू बायको झालीस ती मांडवात नव्हे, तर लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदांत नोंद करणारा आदेश, निघाली तेव्हा. ती निघाली नसेल तर एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) उपचार, क्वार्टर, पुढे पेन्शन, सगळं अडतं. प्रकाशरावांचे कागद मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसातून बंगळुरूला, पॅराच्या रेकॉर्डकडे जातात. बदलीत एखादी नोंद मागे राहू शकते. तेव्हा पुढच्या सुट्टीआधी त्यांनी पलटणीच्या क्लार्ककडून शीट रोल, म्हणजे आपल्या नोकरीचा आणि कुटुंबाचा नोंदपट, काढून बघावा: लग्नाची तारीख, तुझं नाव, तुझी जन्मतारीख. मूल झालं की त्याचीही पार्ट टू ऑर्डर वेळेत काढायची, दहावीला दाखला मागतात तेव्हा नव्हे.

आणि नाव. आपल्याकडे तांदळात नवं नाव लिहायची हौस असते. मग दहावीच्या दाखल्यावर 'सुजाता विलास', आधारवर 'सुजाता प्रकाश', पत्रिकेत 'श्रावणी' आणि शीट रोलवर मधलं नावच नाही. पुढे पेन्शनच्या टेबलावर त्या चार बायका होतात. विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक आणि शीट रोल या पाचही ठिकाणी एकच नाव हवं, स्पेलिंगसकट. नाव बदललंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घ्यावं लागतं. त्या राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेव.

नॉमिनेशन तीन ठिकाणी तपासायचं: फंड, ग्रुप इन्शुरन्स, बँक. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव असतं आणि ते आपोआप बदलत नाही. विहीणबाईंचा वाटा ठेवायचा असेल तर तोही तिथेच टक्क्यांत लिहावा. म्हणजे नंतर घरात तोंडं फिरत नाहीत. पगाराचं खातं दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं करा.

नको असलेलं एक वाक्यही लिहितो. मृत्यू कुठल्या कामावर, कशामुळे झाला, यावर पेन्शनचा प्रकार ठरतो. लिबरलाइज्ड म्हणजे शेवटच्या पगाराइतकी, स्पेशल म्हणजे त्याच्या 60 टक्के. टीव्हीवर दिसणाऱ्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. पलटण किंवा रेकॉर्ड ऑफिस आधी घरी कळवतं, आणि ते तुझ्या नोंदवलेल्या पत्त्यावर नि फोनवर. सिम बदललंस तर तिथेही बदल.

गुडघे आणि कंबर यांच्यावर लक्ष ठेव. छत्रीची उडी म्हणजे दोन्ही पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून, अंगावरच्या सामानासकट जमिनीवर आपटून कुशीवर लोळणं. दुखतं, पण मेडिकल कॅटेगरी खाली जाईल म्हणून ही मंडळी सांगत नाहीत आणि सुट्टीत कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन येतात. तसं करू देऊ नकोस. ड्युटीवर लागलेली प्रत्येक दुखापत इंज्युरी रिपोर्टवर, म्हणजे आयएएफवाय 2006 या फॉर्मवर, चढली पाहिजे. दहा वर्षांनी डिसॅबिलिटी पेन्शन मागताना 'ही दुखापत नोकरीतलीच' हे दाखवायला तोच कागद लागतो.

घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस पाहुणे बोलावू नकोस. झोपलेले असताना हलवून उठवू नकोस, दारातून हाक मार. गप्प बसले तर बसू दे. पण झोप महिनाभर लागत नसेल किंवा दारू वाढली असेल, तर एमएचला जाऊ या, असं तूच म्हण.

शेताच्या बांधाचा वाद सासरी चाललाय म्हणतेस. त्यासाठी प्रकाशरावांनी सुट्टी जाळू नये. सीओंच्या (पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या) सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. सोबत सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा लागेल. तिन्हींच्या झेरॉक्स मला पाठव, अर्ज मी लिहून देतो. आणि शीट रोलवर तुझं नाव नेमकं कसं आहे ते कळव, एकेक अक्षर.

तुझे बाबा