कोयत्याच्या करारावर बायकोचेही नाव हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षणात आणि नोकरीत सर्वांना समान संधी मिळावी, यावर आपल्या अंकात बरेच लिहून येते. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून वीसेक वर्षे ऊसतोडीला जात होते. या चर्चेत ज्यांचा विषय क्वचितच निघतो, त्या बायकांबद्दल मला लिहायचे आहे.

ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो ती नवऱ्याच्या हातात. करारावर अंगठा किंवा सही त्याची आणि वहीत टनांचा हिशेबही त्याच्याच नावावर. आई पहाटे तीनला उठून कोपीपुढच्या (फडाजवळच्या झोपडीपुढच्या) तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. उजाडायच्या आत दोघे फडात. वडील ऊस तोडायचे. पाचट काढणे, मोळी बांधणे, चुंबळ ठेवून ती डोक्यावर घेणे आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढणे, हे आईचे काम. मोळी बांधल्याशिवाय गाडी भरत नाही, आणि गाडी भरल्याशिवाय टन नाहीत. लहानपणी मी तिला एकदा विचारले होते, या हंगामात तू किती टन केलेस? ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या नावावर हाय समदं."

वडील वारले तेव्हा वहीत उचलीची बाकी निघत होती. ती मागायला माणसे आईच्या दारात आली. तेरावासुद्धा झाला नव्हता. वीस वर्षांत तिच्या हातात कधी हिशेब पडला नव्हता, कर्ज मात्र विनातक्रार तिचे झाले. ते फेडायला ती पुढची दोन वर्षे अर्धा कोयता म्हणून गेली. त्याच दोन वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीची शाळा पाचवीत सुटली, कारण कोपीत धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी लागत होते. मी आजीजवळ गावातच राहिले, म्हणून शिकले. एकाच घरात आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला दोन वेगळी आयुष्ये आली. ही गोष्ट अजूनही माझ्या मनातून जात नाही.

समान वेतनाचा कायदा देशात १९७६ मध्येच झाला. पण पुरुषाला किती आणि बाईला किती असे वेगळे मोजले, तरच त्यातला फरक दिसणार. जोडीच्या हिशेबात बाईची मजुरी शून्य आहे, हे कुठल्याच कागदावर येत नाही. प्रसूतीचेही तेच. मला नोकरीत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. माझा भाऊ फडाशेजारच्या कोपीत जन्मला आणि पंधराव्या दिवशी आई मोळ्या वाहत होती. नाहीतर दर दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला गेला असता. बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या आणि दुखण्याच्या दिवसांत खाडा पडू नये, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

मुकादम म्हणतात, नवरा-बायकोत कसले वेगळे माप? माप वेगळे करू नका. टनाचा दर तोच ठेवा, फक्त जे होईल त्याचे दोन समान भाग करून दोन खात्यांत भरा. हे अवघड नाही. याच महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामावरच्या हजेरीपटावर बाईचे नाव वेगळे लिहिले गेले आणि दर पुरुषाइतकाच लावला गेला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे शासनाने बंधनकारक केले. मला त्याचा मनापासून आनंद झाला. मग जिच्या डोक्यावरून तो ऊस गाडीत चढतो, तिचे नाव करारावर का नको?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आणि साखर आयुक्तालय यांना माझी विनंती आहे. दोघांची नावे आणि दोघांची बँक खाती असल्याशिवाय कोणत्याही कारखान्याने कोयत्याचा करार मान्य करू नये. उचलीची निम्मी रक्कम बाईच्या खात्यात जमा व्हावी. तसे झाले तर बाकी निघाली तरी तिच्या वाट्याची किती, हे लिहिलेले राहील. नवऱ्याच्या पश्चात सगळा बोजा तिच्या अंगावर येणार नाही. उचलीचे वाटप पावसाळ्यातच होते, दसऱ्यानंतर गाड्या निघू लागतात. तेव्हा कराराच्या कागदावर दुसऱ्या नावाचा रकाना त्याआधीच छापला जावा.

– ऊसतोड कामगाराची मुलगी, पाटोदा (जि. बीड)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)