देवयानी नवी, प्रोष्ठपदा जुनी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत देवयानी, शर्मिष्ठा, ययाती, वृषपर्वा ही तारकासमूहांची नावे ‘ऋषींनी दिलेली’ म्हणून सांगितली जातात. ती आधुनिक आहेत. अँड्रोमेडा, कॅसिओपिया, पर्सियस आणि सिफियस या ग्रीक कुटुंबाच्या जागी महाभारतातली मंडळी बसवली गेली. नातीसुद्धा जुळत नाहीत: कॅसिओपिया ही अँड्रोमेडाची आई, तर शर्मिष्ठा देवयानीची सवत. नावे गोड आहेत, जरूर वापरावीत. पण त्यांना प्राचीन म्हटले की खरी जुनी नावे झाकली जातात.

देवयानीलगतचा मोठा चौकोन पाहा. त्याचा ईशान्य कोपरा आज देवयानीत मोडतो. वैदिक लोकांना तिथे प्रोष्ठाचे, म्हणजे बाकाचे, चार पाय दिसले, म्हणून प्रोष्ठपदा. त्याच पुढे पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा झाल्या आणि महिना भाद्रपद. रोहिणी म्हणजे तांबडी. तैत्तिरीय संहिता या वैदिक ग्रंथाच्या नक्षत्रयादीत (4.4.10) हे नाव दोनदा येते, दुसऱ्यांदा ज्येष्ठेच्या जागी, कारण तो ताराही तांबडाच. हस्त म्हणजे पाच ताऱ्यांचा पंजा. भोंडल्याच्या पाटावर त्याचा हत्ती झाला.

नाव जुने की नवे, हे पारखायला ती यादी आणि सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथाचा आठवा अध्याय पुरतो. तिथे नक्षत्रांच्या योगताऱ्यांबरोबर (मुख्य ताऱ्यांबरोबर) अगस्त्य, मृगव्याध, ब्रह्महृदय, अग्नी आणि प्रजापती यांची स्थाने दिली आहेत. मृगव्याध, म्हणजे आपला व्याध, मिथुनेच्या 20 व्या अंशावर, 40 अंश दक्षिणेस आहे. आज व्याधाचा दक्षिण शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे (सूर्याच्या भासमान मार्गापासूनचे) अंतर, सुमारे 39.6 अंश येतो. मात्र हे आकडे आजच्या नकाशावर थेट मांडले तर तारा चुकतो. ध्रुवक, म्हणजे ग्रंथातले ताऱ्याचे राशिचक्रावरचे स्थान, ध्रुवातून जाणाऱ्या वृत्तावरून काढलेला असतो, क्रांतिवृत्ताला लंब टाकून नव्हे; शिवाय आजचे नकाशे जिथून अंश मोजतात तो वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो तो बिंदू) राशिचक्राच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत स्थिर, आरंभबिंदूपासून सुमारे 24 अंश मागे सरकला आहे.

मेष, वृषभ या राशी नक्षत्रांनंतर बाहेरून आल्या. ज्योतिषी वराहमिहिराने बृहज्जातक या ग्रंथात क्रिय, तावुरि, जितुम अशी त्यांची ग्रीक नावे सरळ नोंदवली आहेत. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही, आपल्यालाही वाटू नये.

आपल्या पुरवणीत आकाशाचा नकाशा छापताना देवयानी, शर्मिष्ठा अशा नावांपुढे कंसात ‘आधुनिक’ एवढा एक शब्द घालावा, आणि चौकोनावर ‘भाद्रपदा (प्रोष्ठपदा)’ असे लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे