‘गूढ मृत्यू’ आणि बाहेरची बाधा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की जिल्ह्याच्या पानांवर एका ठरावीक प्रकारची बातमी येऊ लागते. रात्री जेवूनखाऊन झोपलेले मूल पहाटे पोटात दुखते म्हणून उठते आणि दुपारपर्यंत दगावते. अंगावर जखम नसते, ताप नसतो, म्हणून मथळ्यात ‘गूढ मृत्यू’ असे छापले जाते आणि बातमीच्या अखेरीस ‘ग्रामस्थांत बाहेरच्या बाधेची चर्चा आहे’ असे एक वाक्य येते. वार्ताहराने ते खोटे लिहिलेले नसते, कारण गावात चर्चा खरोखरच चाललेली असते. परंतु ‘गूढ’ या शब्दाला लागून ते वाक्य आले, की जे कळले नाही ते निसर्गापलीकडचे असावे, असा अर्थ न सांगताच वाचकाच्या मनात उतरतो. नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक यांतला हा भेद आपण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपुरता ठेवून दिला आहे. माझ्या लेखी तो जीवनमरणाचा आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

1968च्या श्रावणात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या शेजारचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो पडवीत सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून निजत असे. एका पहाटे तो पोट धरून उठला. उजाडल्यावर म्हणाला, ‘आये, डोळे उघडत नाहीत.’ आईने बोटाने त्याची पापणी वर केली तेव्हा बुबुळ स्वच्छ होते. बोट काढताच पापणी खाली आली. हे पाहून घरातल्या जाणत्यांनी ‘बाहेरचं आहे’ असा निर्वाळा दिला आणि भगताला बोलावणे गेले. अंगारा लावला, उतारा टाकला, दोन तास गेले. दिलेले पाणी त्याला गिळता येईना, लाळ गालावरून ओघळू लागली. तालुक्याच्या गावी नेण्यासाठी डोली बांधेपर्यंत त्याचा श्वास थांबला.

पुढे विज्ञान शिकवू लागलो तेव्हा मण्यारीच्या दंशाची लक्षणे वाचली आणि ती पडवी डोळ्यांपुढे उभी राहिली. मण्यार रात्री भक्ष्य शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक असतात, की दंश पुष्कळदा मुंगी चावल्याएवढाही जाणवत नाही. सूज नाही, रक्त नाही. तिचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवते. आधी पापण्या पडतात, मग गिळणे बंद होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. या साऱ्या काळात माणूस बराच वेळ शुद्धीवर असू शकतो. आपल्या उशाशी चाललेले मंत्र त्या मुलाला ऐकू येत असावेत, हा विचार मला आजही सोसवत नाही.

त्या भगताला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्या हातून माणसे ‘बरी’ झालेली त्याने स्वतः पाहिली होती. धामण, दिवड, कवड्या हे आपल्याकडे सर्रास दिसणारे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतात; त्यामुळे मंत्राने उतरलेली म्हणून सांगितली जाणारी पुष्कळशी विषे मुळात चढलेलीच नसतात. खरी अडचण त्याच्या स्पष्टीकरणाच्या स्वरूपात होती. मुलगा वाचला असता तर मंत्राने वाचला, मेला तर बाधा जबर होती. कोणतीही घटना त्याला खोटे ठरवू शकत नव्हती. मण्यारीचा दंश मानणारा मात्र स्वतःला बांधून घेतो: पापण्यांनंतर गिळणे जाईल, मग श्वास जाईल, आणि श्वास यंत्राने चालू ठेवला तर मज्जातंतू सावरून रोगी काही दिवसांत उठेल. यांतले एक जरी घडले नाही तरी त्याला आपले म्हणणे पुन्हा तपासावे लागते. ज्या कारणाकडून असा हिशेब मागता येतो ते नैसर्गिक कारण, अशी माझी समजूत आहे. विंचवाच्या बाबतीत कोकणाने हे अनुभवले. लाल विंचवाच्या दंशाने हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी होते आणि मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली आणि 1980च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. त्यांच्या शोधापूर्वीही विंचवाचे विष नैसर्गिकच होते. आपल्याला त्याची रीत ठाऊक नव्हती, एवढेच.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. जे जे सिद्ध होते ते तुम्ही नैसर्गिक म्हणून आपल्या पदरात घालता, मग अतिनैसर्गिक कधी सापडणारच नाही. हा शब्दांचा खेळ झाला, असे आक्षेप घेणारे म्हणतात. आक्षेपामागे इतिहासही आहे. आकाशातून दगड पडतात ही शेतकऱ्यांची भाकडकथा आहे, असे अठराव्या शतकातील युरोपचे पुष्कळ विद्वान मानत होते. 1803 साली फ्रान्समधील लेग्ल गावाजवळ दगडांचा वर्षाव झाला, ज्याँ-बातिस्त बियो या शास्त्रज्ञाने तिथे जाऊन चौकशी केली, तेव्हा उल्कापाषाण विज्ञानात शिरले. तेव्हा ‘असे घडूच शकत नाही’ हे म्हणणेही घाईचे ठरू शकते, हे मी मान्य करतो. अस्तित्वाच्या मुळाशी निसर्गाहून वेगळे काही आहे का, या प्रश्नाचा निकाल मण्यारीच्या विषावरून लागत नाही, हेही मान्य करतो. पण भगताचा दावा त्या प्रश्नाविषयी नव्हता. समोरच्या मुलाच्या पापण्या का पडल्या, याविषयी तो दावा होता, आणि तिथे पुरावा मागण्याचा अधिकार आपल्याला आहे.

हा आग्रह पाश्चात्त्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच दर्शनांकडे पाहावे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 साली चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचे उल्लंघन अशी व्याख्या केली. आपल्याकडे नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक यांतली रेषा तिथे ओढलेलीच नव्हती. न्यायदर्शनातील ‘अलौकिक प्रत्यक्षा’चे, म्हणजे इंद्रियांच्या नेहमीच्या संपर्काशिवाय होणाऱ्या ज्ञानाचे, प्रसिद्ध उदाहरण लांबून चंदन पाहताच ते सुगंधी असल्याचे जाणवणे हे आहे, त्यात दैवी काही नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत सिद्धी मिळण्याच्या वाटांमध्ये औषधी समाधीच्या पंक्तीला बसली आहे. सांख्य दर्शनाने तर मन, बुद्धी, अहंकार हे सगळे प्रकृतीतच, म्हणजे निसर्गाच्या मूळ द्रव्यातच घातले. प्रकृतीबाहेर त्याने ‘पुरुष’, म्हणजे निव्वळ जाणीव, तेवढा ठेवला, आणि तो अकर्ता आहे असे बजावले. जे प्रकृतीपलीकडे आहे ते काही करतच नाही; मग त्याने कोणाच्या पोटात कळ उठवावी कशी? सांख्य मानणाऱ्यालाही पापणी पडण्याचे कारण प्रकृतीतच शोधावे लागेल.

महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. साप-विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगण्याला मात्र त्याच कायद्यात मुभा आहे. काहींना यात विसंगती दिसते, मला ती दिसत नाही. अतिनैसर्गिक काय याचा निवाडा कायद्याने केलेला नाही. इजा आणि फसवणूक कुठे होते एवढेच त्याने पाहिले, आणि कायद्याचे काम तेवढेच आहे. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली हे कीर्तनात ऐकताना माझेही डोळे पाणावतात, आणि त्या ऐकण्याने कोणाचा दवाखाना चुकत नाही. वृत्तपत्राचे काम मात्र कायद्यापेक्षा अधिक आहे, कारण ‘कळले नाही’ आणि ‘कळण्यापलीकडचे आहे’ यांत फरक करायला वाचक तुमच्या शब्दांतूनच शिकतो.

म्हणून विनंती अशी की अशा बातमीत ‘गूढ’ऐवजी ‘मृत्यूचे कारण अद्याप समजलेले नाही’ असे लिहावे, आणि बाधेच्या चर्चेचे वाक्य द्यायचेच असेल तर त्याखाली चौकटीत एवढे छापावे: जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या जड होऊ लागल्या, तर जखम दिसो वा न दिसो, मण्यारीचा दंश समजून त्याला प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. रायगड