मंदे, ॲसिडची बाटली परत कर

दर्यापूर तालुका,
महाशिवरात्रीनंतरचा सोमवार

प्रिय मंदा,

तुझं पत्र मिळालं. नव्या बाथरूमचे फोटो पोरानं मोबाइलवर आधीच दाखवले होते. पण त्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर दोन महिन्यांतच पाण्याचा पांढरट थर चढलाय, हे तू पत्रात लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर असलं काही सांगायला बसलं की इकडे दूध उतू जातं.

गवंडी म्हणाला, आठवड्यातून एकदा ॲसिड मारा. मारू नकोस बाई. मी मारून बसले आहे.

मागच्या वैशाखात पुतण्याचं लग्न होतं. पाहुणे उतरणार म्हणून न्हाणी घासायला घेतली. मोरीला वास येत होता, म्हणून सकाळीच तिथं ब्लीचिंग पावडर भुरभुरून ठेवली होती. ती न धुताच वरून ॲसिड ओतलं. दार लोटलेलं, आणि कबुतरं शिरतात म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं. क्षणात छातीत कुणी मिरच्यांची धुरी दिल्यासारखं झालं. डोळे उघडेनात. ह्यांनी दंडाला धरून बाहेर ओढलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, थोडक्यात वाचलात. आठ दिवस खोकले. अख्ख्या लग्नात तोंडाला पदर लावून बसले, आणि वऱ्हाड्यांना वाटलं काकू मानपानावरून रुसल्या!

वर न्हाणीचंही भलं झालं नाही. टाइलच्या फटींमधलं सिमेंट ॲसिडनं खाल्लं, पाणी झिरपून पलीकडच्या खोलीची भिंत फुगली आणि नव्या नळाची चकाकी काळी पडली. सासूबाई उंबऱ्यावर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "काऊन वं, तांब्याचा गुंड तू चिचीनं घासतं, अन् न्हाणीले हे इष?"

बोलल्या रागानं, पण खरं बोलल्या. तो पांढरा थर म्हणजे मळ नाहीच. आमचा हा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तुमच्याकडे पाणी गोडं असलं तरी जड आहेच. पाणी वाळतं आणि त्यातला चुना मागे राहतो. चुन्याला आंबट लागलं की तो विरघळतो. मग त्यासाठी बाटलीतलं जहरच कशाला हवं?

किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, आपण ढोकळ्यात घालतो तेच. लिटरभर कोमट पाण्यात दोन पोह्याचे चमचे घाल. जुन्या धोतराचं फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळ, टाइलवर तेच पाणी लाव आणि अर्धा तास तिकडे फिरकू नकोस. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नळाशी कान नेऊन पाहिलं. बारीक चुरचुर ऐकू येत होती, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. फडकं काढलं तर नळाच्या गळ्याभोवतीचं पांढरं कडं नखानं उचलून निघालं. मग घोसाळ्याच्या वाळक्या जाळीनं घासायचं आणि धुऊन टाकायचं. थर जुना असेल तर एका वेळेत निघणार नाही. दोन-तीन वेळा लाव, पण जोर करू नकोस. हातात लहानशी चीर असली तरी झोंबतं, तेवढं सांभाळ.

आणि हो, खाली शहाबादी फरशी टाकली असशील तर तिला लिंबूसत्व लावू नकोस. ती चुनखडीचीच, आंबट तिलाही खातं. आमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात अर्ध्या लिंबाएवढा फिका डाग आहे, तो माझाच पराक्रम. पिळलेली फोड तिथं रात्रभर विसरले होते. फरशीला रिठ्याचं पाणी बरं. दहा-बारा रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, फेस येतो. साबणाचा चिकट थर बसलेला असतो तिथं खायचा सोडा ओलसर करून चोळायचा. चुलीची चाळलेली राख मोरीला उत्तम, पण टाइलची चमक घालवते.

एक गंमत सांगते. हल्ली सगळेजण सोडा आणि लिंबू एकत्र करून फेस काढून दाखवतात. फेस येतो खरा, पण आंबट आणि खार एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं खारट पाणी. एकाचं काम झालं, धुतलं, मग दुसरं.

सफाईसाठी लोक संत्र्याच्या सालीचं आंबवलेलं पाणी करतात, ते मीही केलं. तूच दिवाळीत आंबिया बहाराची संत्री पाठवली होतीस, त्याच्या साली. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. गॅस धरतो म्हणून पहिला महिना रोज झाकण सैल करायचं असतं. मी तीन दिवस विसरले. रात्री दोनला स्वयंपाकघरात धडाम! पोरं म्हणाली, दिवाळीचा उरलेला फटाका उडाला. नशीब, बाटली प्लास्टिकची होती. परवा गाळलं, वास फार छान. पण लोक त्याला अमृत समजतात तसं काही नाही. पुसायला, मोरीच्या वासाला चांगलं. चुन्याच्या थरापुढे लिंबूसत्वच.

घरात कुणाला कावीळ, हगवण झाली असेल तर मात्र ह्या रिठ्या-सालींवर विसंबू नकोस. तेव्हा ब्लीचिंगच वापर, एकटंच, दार उघडं ठेवून. पण संडासात रोज ॲसिड-फिनाइल ओतायचं नाही. आपल्या शोषखड्ड्यात मैला कुजवणारे जिवाणूच मरतात, मग खड्डा लवकर भरतो.

खरं तर हे सगळं आठवड्याचं काम. रोजचं काम दोन मिनिटांचं. शेवटचा जो आंघोळ करेल त्यानं वायपरनं पाणी ओढायचं आणि झरोका उघडा ठेवायचा. पाणीच साचलं नाही तर चुना बसणार कशावर? आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, ॲसिड धुवायला पाच बादल्या ओतणं परवडायचं नाही. आता अंघोळीचं उरलेलं बादलीभर पाणीच पुरतं. ह्यांना वायपरची सवय लावायला दोन महिने लागले. आधी म्हणाले, मी काय झाडूवाला आहे का? सासूबाईंनीच उत्तर दिलं, "गाडगेबाबा आपल्या शेंडगावचेच ना बापा? त्यायनं गावचे गाव झाडले, तुले न्हाणी झाडवत नाही?" तेव्हापासून गुपचूप ओढतात. कोपरे तसेच ठेवतात, पण ओढतात.

तुझ्याकडे मृग बहाराची संत्री निघाली असतील. साली फेकू नकोस, सावलीत वाळवून एसटीनं पाठव. रिकाम्या डब्यात मी नव्या तुरीची डाळ भरून देईन. झरोका केवढा ठेवलाय तेही कळव, फोटोत दिसला नाही. नसेलच ठेवला तर गवंड्याचे पैसे देण्याआधी भिंत फोडून घे.

तुझी,
शोभा