गवत खरंच वाढलं का?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

गाळात अडकलेले जुने परागकण मोजून तळ्याभोवती पूर्वी काय उगवत होतं ते काढायचं, तर तळ्यात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा गाभा समोर आला की आधी त्याची बाहेरची साल खरवडून टाक. नळी खाली जाताना वरचा गाळ कडेने ओढत नेते. मग आतला मोजून 1 घन सेंटिमीटर घे आणि कुठलंही आम्ल घालण्याआधी लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाक. तिच्यात बीजाणू किती, ते लिहिलेलं असतं. तो आकडा वहीत उतरव.

10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना जातो, गोळीही विरघळते. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम पाण्यावर 10 मिनिटं ठेवलं की ह्युमिक आम्लं, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा काळपट अंश, सुटतात. वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत धूत राहा. वाळू-चिकणमातीसाठी हायड्रोफ्लोरिक लागलंच तर ते एकटीने करायचं नाही. ते काच खातं आणि कातडीतून आत उतरतं.

खरी गडबड होते ॲसेटोलिसिसला, म्हणजे परागकणांभोवतीचा उरलेला सेंद्रिय कचरा आम्लाने जाळण्याला. 9 भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड, 1 भाग तीव्र सल्फ्युरिक. नळीत पाणी राहिलं असेल तर मिश्रण उसळून अंगावर येतं, म्हणून आधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुवायचं, नंतरही त्यानेच. साधारण 3 मिनिटं पुरे. जास्त ठेवलंस तर कण काळवंडतात, वरची नक्षी दिसत नाही.

400 पट मोठं करून निदान 300 कण मोज, लायकोपोडियम वेगळं. गवताचा कण फुगा बसल्यासारखा चुरगळलेला, एकच छिद्र, भोवती जाड कडं. कुठलं गवत ते त्यावरून सहसा सांगता येत नाही. पाइनच्या कणाला हवेचे दोन फुगे असतात, ते कण वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात. ते दिसले म्हणून पाइन काठावर उभा करू नकोस. कीटकांवर विसंबणारी झाडं मात्र काठावर असूनही गाळात जेमतेम सापडतात.

आता टक्केवारी. समज, झाडांचे 70, गवताचे 30 कण होते. झाडांचे 20 उरले, गवत तेवढंच राहिलं, तरी आलेखात गवत 60 टक्के! इथे गोळी कामी येते. 300 परागकणांसोबत 150 लायकोपोडियम दिसले आणि घातले होते 18,000, तर घन सेंटिमीटरला 36,000 परागकण. गाळ साचण्याचा वेग बदलला तर हाही आकडा हलतो. कार्बन-14 च्या तारखांवरून तो वेग काढ आणि गुणून घे.

झाडं घटली म्हणून लगेच ‘दुष्काळ’ लिहू नकोस. आग असेल, कुऱ्हाड असेल, हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइडही कमी होता. कोळशाचे कपचे त्याच स्लाइडवर मोजत जा. मागाहून सगळ्या स्लाइड पुन्हा काढून बसणं जिवावर येतं.

तुझी,
आई