सकाळी सात वाजताच्या एका फोनबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. तुमचे नाव त्यात घालणार नाही, कारण ते घातले तर सहकारनगरातल्या तुमच्या जिन्यावर होतकरू बिअर करणाऱ्यांची रांग लागेल आणि दुपारची झोप मोडल्याबद्दल तुम्ही मला बोल लावाल. फोनवर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून विषय पाण्याच्या वेळापत्रकावर नेलात. म्हणून लिहूनच सांगतो.

माझ्या थोरल्या भावाने आकुर्डीच्या कारखान्यात चौतीस वर्षे काढली आणि एप्रिलअखेर तो निवृत्त झाला. त्याच्या निरोपासाठी मी स्वतःच्या हाताने बिअर करीन, असे मी घरात सर्वांसमक्ष बोलून बसलो होतो. इंग्लंडात लीड्सला नोकरीत असताना तीन वर्षे मी स्वयंपाकघरातल्या बादलीत बिअर केली होती. तिकडे १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, त्यामुळे तो छंद उजळ माथ्याने करता येतो. आपल्याकडे परवान्याशिवाय तसे करता येत नाही. बाणेरला परवानाधारक मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरचा छोटा कारखाना, चालवणाऱ्या मित्राने त्याच्याकडचे वीस लिटरचे चाचणीचे भांडे मला वापरू दिले आणि कार्यक्रमही तिथल्याच मागच्या अंगणात ठरला.

यंत्रसामग्रीचा प्रश्न असा सुटला, खरा प्रश्न पाहुण्यांचा होता. दादाच्या कारखान्यातल्या शॉपमधले सोबती, ज्यांच्या लेखी बिअर म्हणजे थंडगार आणि ‘स्ट्राँग’, बाकी चवीचे कौतुक कशाला. पुतण्या आणि त्याचे हिंजवडीतले मित्र, ज्यांना जिभेला झिणझिण्या आणणारी आयपीए नावाची कडक कडू बिअर नसेल तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. कोल्हापूरचे मेहुणे, जे काहीही आनंदाने पितात आणि म्हणून ज्यांच्या मताचा काडीचा उपयोग होत नाही. आणि वहिनी. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या वहिनींना बिअरचा कडूपणा मात्र सोसवत नाही, आणि तरीही नवऱ्याच्या कार्यक्रमात हातात ग्लास धरून सर्वांबरोबर उभे राहण्याची त्यांची मनापासून इच्छा होती. या सगळ्यांना एकाच पिंपातून पाजायचे होते.

पहिला प्रयत्न मार्चमध्ये केला आणि तो साफ फसला. सिट्रा नावाचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुले, सढळ हाताने घातले, कारण त्याच्या पाकिटावर आंबा, लिंबू, लिची असे सगळे लिहिलेले असते आणि मला वाटले की आंब्याला नाही म्हणणारा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. पुतण्या खूश झाला. दादाने अर्धा ग्लास संपवून ‘छान आहे’ म्हटले, आणि ते त्याने ज्या स्वरात म्हटले त्या स्वरात तो एरवी जावयांच्या कवितांना दाद देतो. वहिनींनी काहीच म्हटले नाही. त्यांचा ग्लास रिकामा दिसला म्हणून मला बरे वाटले, पण नंतर गच्चीवरच्या शेवंतीच्या कुंडीत फेस दिसला.

त्यानंतर मी सल्ले मागत फिरलो. ते तीन आठवडे आठवले की अजून अंगाची आग होते. एका दुकानदाराने मला हॉप्सच्या हिरव्या गोळ्या सुट्या तोलून दिल्या. त्या हिरव्या नव्हत्या, गवती चहा उन्हात विसरल्यावर होतो तशा तपकिरी होत्या, आणि त्यांना जुन्या चीजचा, खरे सांगायचे तर पावसाळ्यातल्या मोज्यांचा वास येत होता. मी तसे म्हटल्यावर ‘इम्पोर्टेड माल आहे, वास असाच असतो’ असे उत्तर मिळाले. हॉप्स उघड्या हवेत आणि उष्णतेत राहिले की त्यांतली आम्ले विघटित होऊन नेमका हाच वास सुटतो, हे पुढे तुमच्याकडून कळले. त्या दिवशी मात्र मी स्वतःच्याच नाकावर संशय घेऊन घरी आलो. या विषयातले जाणकार म्हणून ज्यांची ख्याती आहे अशा दुसऱ्या एका गृहस्थांनी माझा प्रश्न अर्धवट ऐकून घेतला, सर्वांना आवडणारी बिअर ही कल्पनाच बाजारू आहे असे सुनावले आणि पुढची चाळीस मिनिटे स्वतःच्या बिअरविषयी बोलले. वहिनींचा उल्लेख मी केला तेव्हा ‘त्यांना सरबत द्या’ म्हणाले. कोकम सरबत कार्यक्रमात होतेच, काका. ते न पिणाऱ्यांसाठी होते. वहिनींना सर्वांबरोबर ग्लास उंचावायचा होता, आणि हे त्या गृहस्थांना समजावून सांगण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

तुमच्याकडे आलो तो मित्राच्या ओळखीने, आणि बिअरच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेला माणूस आता मला आणखी एक व्याख्यान देणार, अशी मनाची तयारी करूनच. तुम्ही हॉप्सचे नावसुद्धा काढले नाही. पाठकोरा कागद घेतलात आणि कोण कोण येणार, काय खाणार आणि ऊन असेल की रात्र, एवढेच विचारलेत. तळलेले बोंबील आणि झणझणीत मटकीची उसळ आहे म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. तिखटावर कडू बिअर घेतली की जळजळ वाढते, म्हणजे आयपीएवाल्यांनाही त्या रात्री त्यांची आयपीए सोसणार नाही, असे तुमचे म्हणणे पडले. मग म्हणालात, ‘उद्या या, आणि बिअर न आवडणारे एखादे माणूस बरोबर आणा.’

मी पत्नीला आणले. तुम्ही आदल्या रात्रीच लागर म्हणतात त्या साध्या, बेचव बिअरच्या तीन बाटल्या उघडून प्रत्येकीत वेगळ्या हॉप्सच्या चार-चार गोळ्या टाकून त्या घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. इतका सोपा प्रयोग मला तीन आठवड्यांत कोणी सुचवला नव्हता. सिट्राचा ग्लास नाकाशी नेऊन ती म्हणाली, ‘आंब्याचा वास आहे आणि आंबा नाही, थट्टा केल्यासारखे वाटते.’ साझच्या ग्लासात तिला ओले गवत आणि किंचित मिरपूड लागली. चेक प्रजासत्ताकातल्या झाटेत्सच्या ज्या परिसरात हे हॉप्स पिकतात, तो परिसर २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, हे तुम्ही इतक्या अभिमानाने सांगितलेत की जणू तुमचे आजोळच तिथले. कॅस्केडच्या ग्लासावर मात्र ती थांबली, परत एकदा वास घेतला आणि म्हणाली, ‘पपनसाची साल.’ १९७२ साली अमेरिकेत प्रसारित झालेल्या या वाणाला पुस्तकांतून ग्रेपफ्रूटचा वास म्हणतात, पण गणपतीपुढच्या पाच फळांत ठेवलेल्या पपनसाची साल नखाने खरवडलेल्या माणसाला तो वास कोणी समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही कागदावर ‘पपनस’ लिहिलेत आणि त्याखाली रेघ मारलीत.

मग हिशेब मांडलात. एक तासाच्या उकळीच्या सुरुवातीला मॅग्नम नावाचे हॉप्स फक्त दहा ग्रॅम, कारण त्यात आम्ल भरपूर आणि स्वतःचा वास बेताचा, म्हणजे कडूपणाचा पाया तेवढा तयार होईल. वासाचे हॉप्स शेवटी आच बंद केल्यावर, कॅस्केड चाळीस ग्रॅम आणि साझ वीस, कारण सुगंधी तेले उकळीत उडून जातात. एकूण कटुता वीस आयबीयूच्या (हे बिअरचा कडूपणा मोजायचे एकक) आसपास, म्हणजे आपल्या नेहमीच्या लागरपेक्षा थोडी वर आणि आयपीएच्या निम्म्याहूनही खाली. वहिनींना झेपेल आणि पुतण्याला निदान नाकाने काही मिळेल. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि निश्चिंत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजता तुमचा फोन आला.

‘काल मी तुम्हाला चुकीचे सांगितले,’ हे तुमचे पहिले वाक्य होते. नमस्कारसुद्धा त्यानंतर झाला. रात्री दहाला हात धुताना नळाला गरम पाणी आले, आणि मी बोलता बोलता सहज म्हटलेले एक वाक्य तुम्हाला आठवले: मागच्या खेपेला ते भांडे निवायला सव्वा तास लागला होता. तुमचा हिशेब कारखान्याचा होता, जिथे माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, उकळलेला काढा यंत्रातून काही मिनिटांत थंड होतो. मित्राच्या त्या भांड्यात तांब्याची वेटोळी सोडून टाकीचे पाणी फिरवावे लागते, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये टाकीचे पाणी स्वतःच तापलेले आणि धारही करंगळीएवढी. आच बंद केली तरी काढा ऐंशी अंशांच्या वर असेपर्यंत हॉप्समधले आम्ल कडू होतच राहते. म्हणजे वासासाठी घातलेले साठ ग्रॅम अर्धा तास कडूपणाच सोडत बसले असते आणि वीसच्या जागी आकडा तिशीपार गेला असता. ‘आधी पंचाहत्तरपर्यंत निवू द्या, मग घाला. आणि साठ नको, कॅस्केड तीस, साझ दहा. मी तुमच्या वहिनींचा विचार केला होता, भांड्याचा केला नव्हता.’

मी नऊ वाजता आच पेटवणार होतो.

काका, हा फोन तुम्ही केला नसता तर तुमची चूक कोणाला कधीच कळली नसती. बिअर कडू झाली असती तर मी ती माझ्याच हाताची चूक मानली असती, कारण तोवर तशी मानायची मला सवय लागली होती. तुमचे नाव तसेच मोठे राहिले असते. तरीही एका अनोळखी माणसाच्या वीस लिटर बिअरसाठी तुम्ही रात्रभर तो आकडा डोक्यात ठेवलात आणि फोन करायला सभ्य वेळ होईपर्यंत थांबलात. काकूंनी नंतर माझ्या पत्नीला सांगितले की तुम्ही पाचपासून घड्याळ बघत होता.

आपण पुणेकर, चुकलेल्याला चुकलास म्हणण्यात आपला हात कोणी धरणार नाही. स्वतःचे चुकले हे सांगायची वेळ आली की मात्र आपल्याला एकदम घसा खाकरावासा वाटतो. मी स्वतः वीस वर्षे कार्यालयात हेच करत आलो आहे, हे कबूल करतो. शर्टाची बाही आखूड शिवली गेली तर पैसे परत हातावर ठेवणारा शिंपी, आपल्याच हिशेबातली पन्नास रुपयांची चूक दाखवायला जिना चढून येणारा वाणी, अशी माणसे माझ्या लहानपणी आमच्या पेठेत होती आणि त्यांचे कोणी फारसे कौतुकही करत नसे. तुमच्या फोननंतर ती सगळी एकामागून एक आठवली. त्या दुकानदाराला ‘हा माल जुना झाला आहे’ एवढे चार शब्द म्हणायला काय लागले असते, असा विचारही आला, पण तो राग आता तेवढासा उरलेला नाही.

कार्यक्रमाचे थोडक्यात सांगतो. बिअर सोनेरी उतरली, जरा गढूळ. शॉपमधल्या मंडळींनी ‘हलकी आहे’ म्हणून तक्रार केली आणि ती करत करत पिंपाशी परत परत आली. पुतण्याने नाक खुपसून बराच वेळ वास घेतला आणि अजून दुप्पट हॉप्स चालले असते असे मत दिले, ते मी प्रशस्तिपत्र म्हणून घेतले. मेहुण्यांना आवडली, अर्थातच. दादाचे भाषण झाल्यावर सर्वांनी ग्लास उंचावले तेव्हा वहिनींनीही उंचावला, एक घोट घेतला, ग्लासाकडे पाहिले आणि मला हळूच विचारले, ‘भाऊजी, यात पपनस पिळलंय का हो?’ मी नाही म्हटले. त्यांचा विश्वास बसला नाही. पण उसळीच्या ताटाबरोबर त्यांनी अर्धा ग्लास आणखी मागून घेतला. मी लक्ष ठेवून होतो, जवळपास एकही कुंडी नव्हती.

तुम्ही दिलेल्या कॅस्केडमधले काही ग्रॅम उरले आहेत. तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट ते पाकीट हवाबंद करून आमच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी ठेवले आहे, आणि त्याला मोज्यांचा वास येत नाही. ते परत करायला येत्या रविवारी येईन. वहिनींनी तुमच्यासाठी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली आहे, तीही आणतो. निघण्याआधी फोन करीन, मात्र सकाळी सातला नाही.

आपला कृतज्ञ,
बाणेरच्या वीस लिटरवाला