जेलमधून सुटताना गोळ्या हातात द्या

संपादक साहेब, नमस्कार.

आर्थर रोड जेलच्या गर्दीवर सारखं छापून येतं, ते बरोबरच आहे, पण त्या गर्दीत एचआयव्हीची गोळी रोज घेणारे कैदी पण असतात, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी मुंबईतल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात तिथे, बरीच वर्षं काउन्सेलर होते.

जेलमधले बहुतेक जण कच्चे कैदी, केस चालूच असते, कधी जामीन होईल, कधी दुसऱ्या जेलला हलवतील काही सांगता येत नाही. गोळी मात्र रोज लागते, मधेच बंद पडली की व्हायरस परत वाढतो आणि पुढे तेच औषध लागू पडेनासं होऊ शकतं. एक मुलगा आठवतो, पंचविशीचा असेल, आत असतानाच टेस्ट झाली, गोळ्या सुरू झाल्या, वजन पण धरायला लागला होता. जामिनाची ऑर्डर पोचली, संध्याकाळी सुटला, गेटवर मोबाईल, पाकीट, बेल्ट सगळं सही घेऊन परत दिलं आणि गोळ्यांची डबी, उपचाराच्या नोंदीचं एआरटी पुस्तक आत दवाखान्यातच राहिलं. घरी कोणाला माहीत नाही, परत जेलच्या दारात जाऊन मागायची हिंमत होईना. आमच्याकडे आला तेव्हा टीबी झालेला, नुसती हाडं उरली होती. "ताई, मागायचं कोणाकडे?" असं विचारत होता, मला आजही त्याचा राग येत नाही, सिस्टीमचा येतो.

2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या 31 व्या कलमात सरकारच्या ताब्यातल्या माणसाला, मग शिक्षा झालेली असो नाहीतर केस चालू असो, प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार हा हक्क दिलाय. तरी हॉस्पिटलची तारीख असते त्या दिवशी पोलीस गार्ड मिळत नाही म्हणून पेशंट येतच नाही, आणि आला तर शिपाई खुर्चीला खेटून उभे, मग तो काय बोलणार? कंडोमचा विषय काढला की आत तसलं काही होत नाही म्हणतात. होतं, आणि ते सगळ्यांना माहितीये.

सुटणाऱ्या किंवा दुसऱ्या जेलला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बंद पाकिटात महिन्याच्या गोळ्या, त्याचं पुस्तक आणि घराजवळच्या एआरटी सेंटरची चिठ्ठी द्या, 1097 हा फुकट हेल्पलाईन नंबर पण लिहून द्या. गोळ्या सरकारकडून मोफतच येतात, जास्तीचा खर्च फारसा नाही. जेल प्रशासन आणि मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था हे कधीपासून करणार, ते तुमच्या बातमीदाराने त्यांना विचारून छापावं ही विनंती.

– एक निवृत्त काउन्सेलर, परळ